लसूणघासातलं बेट

सव्वीस वर्षं फोटोवाला माणसांना एकच गोष्ट सांगत आला होता: हलू नका. पासपोर्टच्या फोटोत हसायचं नाही, मान वाकडी करायची नाही, दोन्ही कान दिसले पाहिजेत. एवढं सांगूनही गिऱ्हाईक नेमकं बटण दाबताना डोळे मिटतंच. त्यामुळे ताईच्या लसूणघासाच्या शेतात त्याला रानसशाची तीन पिल्लं दिसली तेव्हा तो हरखूनच गेला. मुठीएवढी पिल्लं, कान पाठीला चिकटलेले, डोळे टक्क उघडे, आणि तासन्‌तास जागची हलत नव्हती. असं शहाणं गिऱ्हाईक त्याला जन्मात मिळालं नव्हतं.

त्याने दुकानाला आठवडाभर कुलूप ठोकलं आणि ताईच्या माजघरात पथारी पसरली. पहाटे उठायचं, लांब नळीची लेन्स खांद्यावर टाकायची आणि बांधावर जाऊन पोटावर पडायचं. कधी या बांधावर, कधी त्या. भाऊजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, या सगळ्याची फार गंमत वाटे.

"काय मेहुणे, पिल्लांचा पासपोर्ट काढून देताय का? परदेशी चाललीत वाटतं!"

"चेष्टा करा," फोटोवाला कोपरांची माती झटकत म्हणायचा. "पण फोटो बघून तोंडात बोट घालाल."

खरं तर फोटो झकास येत होतेच. फोटोवाल्याची कामाची एक पद्धत होती आणि तिचा त्याला अभिमान होता. फक्त डोळा टोकदार आला पाहिजे, मागचं सगळं पुसून गेलं पाहिजे. दुकानात त्यासाठी पांढरा पडदा होता, इथे लेन्सच ते काम करत होती. मागचं शेत, कुंपण, झाडं सगळं हिरवट धुकं होऊन जायचं आणि त्यातून पिल्लाचा तो एक काळाभोर डोळा वर यायचा. पाचशेवर फोटो झाले तरी त्याचं समाधान होत नव्हतं. अमुक फोटोत डोळ्यात उजेडाचा ठिपका हवा होता, तमुक फोटोत गवताची काडी आडवी आली होती.

संध्याकाळचा कार्यक्रम ठरलेला. सूर्य बुडाला की कुंपणाच्या बाजूने सशीण यायची आणि घासात एका ठरावीक जागी बसायची. मग कुठून कुठून तिन्ही पिल्लं टुणटुण करत येऊन तिच्या पोटाखाली घुसायची. फोटोवाल्याने घड्याळ लावून पाहिलं होतं, चार मिनिटं. चार मिनिटांत आटोपलं की आई चालती व्हायची, पुन्हा दुसऱ्या संध्याकाळीच. दिवसातून एकदाच पाजणारी आई बघून ताईला राग आला होता. पण फोटोवाल्याने जाणकाराच्या थाटात सांगितलं की रानातली रीतच ही, आई सारखी आली तर वासावर कोल्हा येईल. आणि जिथे ती पाजते तेच पिल्लांचं घर, हेही त्याने त्याच थाटात सांगून टाकलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मांजरीचं तसं असतं, कोंबडीचं तसं असतं, म्हणून सशाचंही तसंच, असं त्याने गृहीत धरलं होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी भाऊजींनी जेवताना जाहीर केलं, "उद्या घास कापतोय. परवा पाऊस सांगितलाय. आता थांबलो तर घास कडक होईल आणि गाई तोंड लावणार नाहीत."

फोटोवाल्याने ताटावरून मान वर केली. "आणि पिल्लं?"

"जागा दाखवा, तेवढी सोडतो. नक्की दाखवा मात्र. यंत्रावर बसलं की मला समोरच्या चार हातांपलीकडे काही दिसत नाही."

"नक्की म्हणजे काय, डोळे मिटून दाखवतो."

त्याने खरंच दाखवली. कुंपणाजवळच्या त्या जागेभोवती दहा पावलांचा चौकोन, चार कोपऱ्यांना चार काठ्या आणि काठ्यांना ताईच्या जुन्या लाल ओढणीच्या चिंध्या. भाऊजींनी मान डोलावली. बायकोच्या भावाचा शब्द म्हणजे त्यांना कागदावर सही केल्यासारखाच.

तरी सकाळी यंत्राचा आवाज सुरू झाला तसा फोटोवाला दोनदा दारापर्यंत जाऊन आला. उगाचच, असं त्याने स्वतःला बजावलं. मन रमावं म्हणून तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला आणि ताईला फोटो दाखवू लागला. ताईने कणकेचे हात पुसले, चष्मा चढवला आणि कौतुकाने एकेक फोटो बघू लागली.

"अगं बाई, किती गोड! हे कुठलं?"

"आपल्याच शेतातलं की."

"ते कळलं रे. शेतात कुठे? मागे हे निळं निळं काय दिसतंय?"

"मागचं बघू नकोस. डोळा बघ."

"डोळा बघितला. हे निळं म्हणजे आपली पाण्याची टाकी आहे." ताईने पडद्यावरच्या धुकट ठिपक्यावर बोट टेकवलं. तीस वर्षं त्या शेतात राबलेली बाई, तिला धुकं पुरेसं होतं. "हा बघ, दुसऱ्या फोटोत तांबडा पट्टा. पंपाच्या खोलीची भिंत आहे ती. आणि हे काळं म्हणजे वाळलेलं झाड. तुझ्या काठ्या तर कुंपणापाशी आहेत ना?"

"ते संध्याकाळचं घर गं. सकाळी ती फिरायला जात असतील."

"फिरायला? तूच म्हणालास ना, तासन्‌तास हलत नाहीत?"

फोटोवाल्याचं बोट बटणावर थांबलं. मग तो भराभरा फोटो पुढे सरकवू लागला, आणि पाच दिवसांत पहिल्यांदाच त्याने डोळा सोडून मागचं पाहिलं. सकाळचे फोटो, दुपारचे फोटो. निळं, तांबडं, काळं. प्रत्येक फोटोत एकेकटं पिल्लू. तिन्ही एकत्र दिसत होती ती फक्त त्या चार मिनिटांत. कुंपणापाशी दिवसा काढलेला एकही फोटो नव्हता. तिथे ती दूध प्यायला जमत होती आणि मग दिवसभरासाठी शेतभर पांगून दडत होती. काठ्यांच्या आत आत्ता कुणीच नव्हतं.

"ताई," तो एवढंच म्हणाला आणि अनवाणीच धावत सुटला.

यंत्र कडेने सुरू होऊन आत आत येत होतं. कापलेल्या घासाचे पट्टे पडले होते. एक, दोन, तीन. तीन फेऱ्या झाल्या होत्या, आणि टाकी तर अगदी कडेला होती. पात्यासमोरून पळून जायला हवं, आणि ही पिल्लं तर जीव गेला तरी हलणार नाहीत. ज्या गुणावर तो इतका खूश होता त्याचीच त्याला आता धडकी भरली. तो हात उंचावून ओरडत होता, पण भाऊजींच्या कानांवर आवाज अडवणारे डबे होते. शेवटी तो यंत्राच्या समोरच जाऊन उभा राहिला.

यंत्र थांबलं. भाऊजींनी कानांवरचे डबे काढले.

"अहो, मरायचंय का तुम्हाला?"

"भाऊजी, चुकलं. माझं चुकलं. पिल्लं काठ्यांच्या आत नाहीत. सगळीकडे आहेत."

"तुम्हीच तर नक्की म्हणालात."

"म्हणालो. मला काही माहीत नव्हतं आणि मी नक्की म्हणालो."

भाऊजींनी आभाळाकडे बघितलं, मग मागे, कापलेल्या पट्ट्यांकडे. ते ओरडतील असं फोटोवाल्याला वाटलं. ओरडले असते तर बरंच वाटलं असतं. पण त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि सावकाश खाली उतरले.

"उरलेलं शेत चालून बघू," ते म्हणाले. "तुम्ही आणि ही, दोघं पंपाकडून सुरू करा. टाकीकडचं मी बघतो."

ताई पदर खोचून आलीच होती. बहीणभाऊ हाताहाताच्या अंतरावरून वाकून चालू लागले, प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी घास बाजूला सारत. अर्ध्या तासाने ताईने दबक्या आवाजात हाक मारली. भिंतीपासून वीस पावलांवर एक पिल्लू बसलं होतं, कान पाठीला लावून. फोटोवाल्याने दोन्ही हातांत घासाच्या जुड्या घेतल्या, माणसाचा वास लागू नये म्हणून, आणि पिल्लू अलगद उचलून काठ्यांच्या आत नेऊन ठेवलं. दुसरं वाळलेल्या झाडाखाली त्याचं त्यालाच दिसलं. तेही त्याने तसंच उचलून चौकोनात नेऊन ठेवलं.

तिसरं सापडेना. भाऊजी टाकीकडून परत आले. हातांना माती होती.

"काही दिसलं?"

"तिकडे आता काही नाही," ते म्हणाले. "चला, उरलेल्या भागात परत एकदा बघू."

परत एकदा पाहिलं, तिसऱ्यांदाही पाहिलं. मग उरलेला घास भाऊजींनी मुंगीच्या पावलाने कापला आणि फोटोवाला यंत्रापुढे उलटा चालत राहिला. दुपार टळली. काठ्यांमधला चौकोन तेवढा हिरवा उरला, बाकी शेत भुंडं झालं. जेवण कुणालाच गेलं नाही. मोकळ्या शेतात वाट चुकलं असेल, संध्याकाळी दुधाला येईलच, असं ताई दोनतीनदा म्हणाली. फोटोवाल्याने ते घट्ट धरून ठेवलं. भाऊजी भांड्यातलं पाणी पीत राहिले.

सूर्य बुडायच्या सुमाराला तिघंही बांधावर पालथी पडली. फोटोवाल्याने लेन्स लावली होती, पण ती केवळ दिसावं म्हणून. सशीण आली. भुंड्या शेताच्या कडेला ती बराच वेळ ताठ बसून राहिली, आणि मग हिरव्या चौकोनात शिरली. एक पिल्लू आलं. मागोमाग दुसरं.

"आलं बघ दुसरंही," ताई कुजबुजली. "आता येईल ते."

एक मिनिट झालं. दोन झाली. फोटोवाल्याचा जीव नुसता टांगणीला लागला होता. जरा वारा हलला की त्याला घासात कान दिसत. चार मिनिटं झाली, दोन्ही पिल्लं पिऊन बाजूला झाली, आणि सशीण उठली नाही. पाच मिनिटं. ती मान वळवून टाकीच्या दिशेने बघत होती. सहा.

"मेहुणे," भाऊजी म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "ते नाही येणार."

"थोडं थांबू. तीही थांबलीय ना."

"म्हणूनच सांगतोय. ती थांबलीय आणि मला माहीत आहे, हे मला बघवत नाही." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पहिल्याच फेरीत. टाकीपाशी. पात्याखाली काहीतरी आलं हे कळलं होतं, पण वाटलं, उंदीर असेल. तुम्ही जागा नक्की सांगितली होती ना. मग तुम्ही धावत आलात तेव्हा समजलं."

फोटोवाल्याने लेन्स खाली ठेवली. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमचे हात चालले असते का? दोन शोधायची बाकी होती."

ताईने तोंडाला पदर लावला. समोर सशीण अखेर उठली, दोन पावलं टाकीकडे गेली, थांबली आणि कुंपणातून निघून गेली.

"कुठे ठेवलंत?" फोटोवाल्याने विचारलं.

"टाकीच्या मागे. पुरलंय."

"मला जागा दाखवा, भाऊजी."

भाऊजी उठले. त्यांनी मेहुण्याला हात देऊन उभं केलं, आणि टाकीपर्यंत तो हात सोडला नाही.