विठ्ठलरावांनी स्वस्तात घेतलेली मोटार

त्या कोंबड्यांना जरा बाजूला सारा, म्हणजे मी दिसेन. मी मोटार बोलतेय. दोनच माणसं बसतील एवढी, बुटकी, लांब नाकाची, पळण्यासाठीच घडवलेली. सध्या उमापुरात विठ्ठलरावांच्या गोठ्याशेजारी लिंबाखाली उभी आहे आणि माझ्याकडे वेळच वेळ आहे.

माझा जन्म विलायतेतला. जहाजातून मुंबईला उतरले आणि तिथून निजामाच्या मुलखात एका तरुण अमलदाराकडे आले. साहेब मला औरंगाबादहून बीडकडे अशी पळवायचे, की लोकांना आधी धूळ दिसायची आणि मग मी गेल्याचं कळायचं. तेव्हा मला माझ्या वेगाचा फार गर्व होता, खोटं कशाला बोलू?

तो गर्व गेवराईजवळ एका बाभळीवर संपला. साहेबांनी वळण घेतलं आणि समोर शेळ्यांचा कळप आला. कळप सटवाचा, म्हणजे विठ्ठलरावांची गुरं राखणाऱ्या माणसाचा. एकाही शेळीला खरचटलं नाही. माझं मात्र नाक आत गेलं, चाकं वाकली, दिवे फुटले. साहेबांचे दोन दात पडले. ‘विकून टाका तिला’ एवढं सांगून ते टांग्यात बसून निघून गेले. दोन महिने मी गेवराईच्या कचेरीच्या आवारात पडून होते, मग माझा लिलाव पुकारला.

लिलावाला विठ्ठलराव का आले, ते आधी सांगायला हवं. त्यांची एकुलती एक लेक तुळजा घाटनांदूरला दिलेली. बैलगाडीनं चार-पाच दिवसांची वाट. तुळजाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण सासरहून चिठ्ठी आली: ‘मागच्या खेपेला गाडीच्या धक्क्यांनी पोट पडलं. या खेपेला मोटार आणाल तरच सुनेला पाठवू. घटस्थापनेला सातवा लागतो, तेव्हा या.’

विठ्ठलरावांच्या मंडळी सत्यभामाबाई. त्या लगेच म्हणाल्या, “बीडात एका वकिलाची मोटार भाड्यानं मिळती म्हणं. दोन दिसाचं भाडं द्या आन लेकीला घिऊन या.”

“भाड्याचा पैका परत येतो का? त्यात भर घातली तर गेवराईच्या लिलावातली मोडकी मोटार घरचीच हुती,” विठ्ठलराव म्हणाले. “दुरुस्तीला असं काय लागतंय? नवीचा पैका वाचंल, भाडं बी वाचंल.”

हे मला पुढे सटवानं सांगितलं. तो बैलांशी बोलायचा तसाच माझ्याशीही बोलायचा.

नवी असताना माझी जी किंमत होती, तिच्या दहाव्या हिश्शात मी विठ्ठलरावांची झाले. दोन बैलजोड्या लावून मला उमापूरला ओढत आणलं. सत्यभामाबाईंनी माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, माझ्या चेपलेल्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “आता लेकीच्या आदी हिचंच बाळंतपण करावं लागंल.” सगळे हसले. विठ्ठलरावही हसले.

दुरुस्तीला बीडहून त्रिंबक लोहार आला. नगरला मोटारींच्या कारखान्यात चार वर्षं काढलेला, माणूस सरळ. त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं, “मालक, मोटार सस्ती हाय, तिचं सामान सस्तं न्हाई.”

सामान यायचं नगराहून. नगर म्हणजे इंग्रजी मुलूख. तिथे कलदार रुपया चालायचा, आमच्याकडे निजामाचा हाली. नगरच्या दुकानात हाली रुपया पोचेपर्यंत त्याची किंमत उतरायची, आणि घेतलेलं सामान परत आणताना करोडगिरीच्या नाक्यावर जकात पडायची. विठ्ठलरावांनी मला हालीत घेतलं होतं आणि सारा हिशेबही हालीतच मांडला होता. पाणी गार ठेवणारी जाळी आली, चाकं आली, आणि दर वेळी नाक्यावरून परतताना त्यांचा चेहरा थोडा अधिक उतरलेला असायचा.

“आता ऱ्हाऊ द्या,” सत्यभामाबाई म्हणायच्या. “वकिलाकडं निरोप धाडा.”

“येवढा पैका घातला, आता सोडायचं कावून?”

माणसांची ही खोड मला अजून उमगलेली नाही. गेलेला पैसा गेला म्हणायला ते इतके भितात, की त्याच्या सोबतीला आणखी पैसा पाठवतात.

मग बचत सुरू झाली. फुटक्या दिव्यांच्या जागी कंदील टांगले. पाय ठेवायची फळी बाभळीची बसवली. एका चाकाची ट्यूब फाटली होती, तर टायरात जुन्या लुगड्यांच्या चिंध्या कोंबल्या. मला लाज वाटायची, पण कुणीतरी आपल्यासाठी एवढं खपतंय याचं बरंही वाटायचं. घाटनांदूरकडून येणाऱ्या एका व्यापाऱ्याबरोबर तुळजानं निरोप धाडला, ‘आबा, एकदा भेटून जा.’ विठ्ठलराव माझ्या पोटाखालूनच ओरडले, “मोटार घिऊनच येतो म्हणावं!”

भाद्रपदात त्रिंबकचं काम संपलं. जाताना तो म्हणाला, “इंजिनाच्या तेलाचा डबा तेवढा नगराहून आणा.” पुन्हा नगर, पुन्हा कलदार, पुन्हा नाका. विठ्ठलरावांनी घरात नजर फिरवली. घाण्यावरून नुकतंच काढून आणलेलं करडईचं तेल होतं. गाडीच्या कण्याला हेच घालतो, समईत हेच जळतं, मग मोटारीला का चालू नये? त्यांनी ते माझ्या इंजिनात ओतलं.

आणि मी चालले! अनंत चतुर्दशीचा दिवस होता. त्रिंबकनं शिकवल्याप्रमाणे हाकत विठ्ठलरावांनी मला गेवराईपर्यंत नेऊन आणलं. मागून भजी तळल्यासारखा वास सुटला होता आणि पोरं ओरडत धावत होती. सहा महिन्यांनी माझ्यात जीव आला होता. इतका आनंद मला साहेबांच्या हाताखालीही कधी झाला नव्हता.

“चालू हाय तवर जाऊन या,” सत्यभामाबाई त्याच दिवशी म्हणाल्या.

“उद्यापास्नं पितरांचा पंधरवडा. पितरांत पोटुशी लेक घरी आणायची? लोक तोंडात शेण घालतील. घट बसले की पहिल्या दिशी निघतो.”

पंधरा दिवस मी लिंबाखाली उभी राहिले. तापलेलं तेल माझ्या पोटात गार होत गेलं. आत काहीतरी घट्ट होतंय हे मला जाणवत होतं, पण सांगू कुणाला?

घटस्थापनेच्या सकाळी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. विठ्ठलरावांनी नवं धोतर नेसलं होतं. त्यांनी हँडल लावून फिरवलं. ते हललंच नाही. सटवा त्याला लोंबकळला. आणखी दोघं आले. हँडल वाकलं, इंजिन जागचं सरकलं नाही. झाकण उघडलं तर आत पिवळा, चिवट डिंकासारखा थर.

हरिबा गावच्या विहिरींच्या चामड्याच्या मोटा शिवायचा. तो तिथेच उभा होता. त्यानं बोट लावलं, वास घेतला आणि म्हणाला, “मालक, ह्ये तर रोगण. करडईचं तेल लई तापलं की असंच हुतंय. मोटंच्या कातड्याला आमी ह्येच लावतो, पाणी मुरू न्हाई म्हणून.”

“मग सांगितलं कावून न्हाईस बे?”

“तुमी मोटारीत वतलंय ह्ये मला कुटं ठावं?”

कुणी हसलं नाही. विठ्ठलराव माझ्या चाकाशी खाली बसले. “त्रिंबकला बोलवा,” म्हणाले. “आठ दिसांत खरवडून काढू.”

सत्यभामाबाई गाठोडं घेऊन बाहेर आल्या. “लेकीचे दिस तुमच्यासाठी थांबत्यात का? सटवा, गाडी जुंप. ती येत न्हाई तर म्या जाते.”

सटवा गाडीत कडबा पसरायला लागला. सत्यभामाबाईंनी मात्र माझ्याकडे बोट दाखवलं. माझी बसायची गादी कातड्याची, आत घोड्याचे केस आणि स्प्रिंगा. अपघातात तिला काही झालं नव्हतं. “ती काढ. येताना पोरगी आन बाळ तिच्यावर बसतील.” सटवानं ती उचकटून गाडीत ठेवली.

“तुमी येता का?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“मोटार करून मागनं येतो.”

गाडी गेली. विठ्ठलराव माझ्याजवळ राहिले. रॉकेलचा डबा, चिंध्या, एक बोथट खुरपं, आणि ते. आठ दिवसांचा महिना झाला, महिन्याचे दोन झाले. त्रिंबक येऊन पाहून गेला आणि म्हणाला, इंजिन सगळं सोडवावं लागेल, सामान नगराहून. ‘चालायला तर पायजेच तुला,’ असं विठ्ठलराव मला रोज समजावायचे. मला फार वाईट वाटायचं. माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं असतं तर मी म्हणाले असते, उठा, मला सोडा, घाटनांदूरची वाट धरा. पायी गेलात तरी पोचाल.

मार्गशीर्षात सटवाचा निरोप आला, मुलगी झाली, दोघी खुशाल. लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरी जेवत नाहीत. म्हणून सत्यभामाबाईंनी शेजारच्या मंजुळाबाईंच्या ओसरीत तीन दगडांची चूल मांडली होती. अडीच महिने हातानं भाकरी भाजून खाल्ली आणि रोज लेकीच्या उशाशी जाऊन बसल्या. बाळ रडलं तेव्हा कुठे तिच्या घरचं पाणी प्यायल्या.

माघात गाडी परत आली. माझ्या गादीवर तुळजा बसली होती, मांडीवर बाळ. विठ्ठलराव माझ्या इंजिनात वाकलेले होते, ते लगबगीनं पुढे झाले. “बग तुळजे, तुझ्यासाठी घेतलती ही. थोडंच काम ऱ्हायलंय.”

तुळजानं माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. आवाज चढवला नाही.

“आबा, वकिलाची मोटार आणली असती तरी म्या आले असते. ती बी नसती तर तुमी नुसते आला असता, तरी झालं असतं. म्या मोटारीची न्हाई, तुमची वाट बगत हुते.”

विठ्ठलरावांनी बाळाकडे हात पुढे केले आणि मध्येच थांबले. हात कोपरापर्यंत काळेपिवळे होते. ते आडावर गेले. राखेनं, मातीनं, पुन्हा राखेनं हात घासत राहिले. मग ओले हात उपरण्याला पुसत आले आणि नातीला घेतलं. ते रडत होते. मी त्यांना तसं आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझं झाकण कुणी उघडलेलं नाही. ती गादी घरात गेली. बाळ तिच्यावरच झोपतं. मी ती परत मागणार नाही.

तुमच्यापैकी कुणी मोडकी मोटार स्वस्तात बघत असेल, तर खुशाल घ्या. आम्हालाही कुणीतरी हवंच असतं. फक्त तिच्या पायी कुणाला वाट बघायला लावू नका. भाडं द्या, गाडी जुंपा, नाहीतर चालत जा, पण वेळेवर जा. मी इथेच उभी आहे. माझं काम राहिलं तर राहू द्या.