आजारी वाफा

आईचा फोन गुरुवारी दुपारी यायचा. तिच्या "हॅलो" वरूनच मला कळायचं की कुठली तरी ओळ आजारी पडली आहे. "अगं, टोमॅटोची पानं बघायला हवीस तू. कडेने करपल्यासारखी झालीत," ती म्हणायची. मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असायची, समोर कुणीतरी खोकत असायचं, आणि त्याची बाटली पिशवीत टाकता टाकता मी म्हणायची, "येते गं रविवारी." सहा दिवस मी त्या काउंटरमागे उभी असते. पाय वर करून बसायला एक रविवार मिळतो, आणि तोही गेलं दीड वर्ष आईच्या मागच्या अंगणातला भाजीचा वाफा खात होता.

वाफा मुळात बाबांचा. ते गेल्यावर कुणी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग एका सकाळी आईच पाइप घेऊन पाणी घालताना दिसली. तेव्हा दादाने मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "हा वाफा जगला पाहिजे. तो गेला तर आई खचेल, आणि मग तिला इथे एकटीला ठेवता यायचं नाही." मला ते पटलं. आईला दादाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात जायचं नव्हतं, आणि माझ्याकडे तर पाय पसरायला जागा नाही. तेव्हा वाफा हिरवा म्हणजे आई ठीक, असं आम्ही ठरवून टाकलं. आम्ही म्हणजे मी, दादा आणि वहिनी.

पहिला हंगाम झकास गेला. वांगी लगडली, घेवड्याच्या वेली काठ्या सोडून कुंपणावर चढल्या. आम्ही फोनवर आईचं तोंडभरून कौतुक केलं आणि आपापल्या कामाला लागलो. दुसऱ्या हंगामापासून मात्र वाफ्याला काय झालं कोण जाणे. आज टोमॅटो माना टाकतोय, तर पंधरवड्याने वांग्याची पानं वाळताहेत. माती ओली असूनही झाड तहानल्यासारखं दिसायचं. मातीवर पांढरट पापुद्रा यायचा.

मग सुरू झाले उपचार. दादाने मोबाइलवर व्हिडिओ बघून निदान केलं की मातीत ताकद नाही. तो निळ्या द्रवरूप खताची बाटली घेऊन आला. तिच्यावर घटकांच्या प्रमाणाचे तीन आकडे छापलेले होते आणि ते आकडे तो आम्हाला मंत्रासारखे म्हणून दाखवायचा. वहिनींचा रसायनांवर राग. त्या घरातला ओला कचरा बादलीत कुजवून, ती बादली मांडीवर घेऊन गाडीतून यायच्या, आणि दादा काचा खाली करून गाडी चालवायचा. माझा भरवसा कुजलेल्या शेणखतावर. मी पोतं घेऊन बसने जायची. कंडक्टर मला ओळखायला लागला होता. पोतं दिसलं की तो न बोलता मागच्या सीटकडे बोट करायचा. रविवारी संध्याकाळी घरी पोहोचले की मुलगी काहीतरी सांगायला यायची आणि मी सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलेली असायची. हल्ली तिने यायचंही सोडलं होतं. ते मला लागायचं, पण लागून घ्यायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं.

शेवटी मी हात टेकले. आमच्या दुकानामागच्या गल्लीत बी-बियाणं आणि खतं विकणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे करपलेलं पान आणि डबीभर माती घेऊन गेले. त्यांनी माती चिमटीत चोळली, पान उजेडात धरलं आणि विचारलं, "काय काय घालता?" मी यादी सांगितली. ते ऐकतच राहिले.

"ताई, ही माती उपाशी नाहीये. हिला अजीर्ण झालंय," ते म्हणाले. "सगळं बंद करा. वरचा पांढरा पापुद्रा खरवडून फेकून द्या. दोन-तीनदा भरपूर पाणी सोडा, म्हणजे क्षार मुळांच्या खाली उतरतील. वर वाळका पाला पसरा. आणि मग काही करू नका."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. एवढं जमेल ना?"

मला हसू आलं आणि रडूही. खोटं कशाला बोलू, मातीपेक्षा मला माझ्या रविवारांचा आनंद झाला होता. दादाने बाटली परत नेताना तोंड पाडलं, वहिनींची बादली त्यांच्या गच्चीतल्या कुंड्यांना गेली. आम्ही पापुद्रा खरवडला, पाणी सोडलं, पाला पसरला. थोड्याच दिवसांत टोमॅटोला वरून कोवळी, स्वच्छ पानं फुटली. मी आईला म्हटलं, "सुटलो बाई एकदाचे." आई पानांकडे बघत होती. 

पुढच्याच गुरुवारी फोन. "भेंडी बघ गं कशी झालीये."

गेले. फक्त भेंडीची ओळ आजारी होती. दोन्हीकडची झाडं ठणठणीत, आणि मधली एकच ओळ अशी की जणू तिच्यावरच कुणाचा राग आहे. असा पेशंट मला दुकानात रोज भेटतो. गोळ्या वेळेवर, पथ्य कडक, आणि तरी साखर उतरत नाही. म्हणजे घरात कुठेतरी बर्फीचा डबा असतोच. माझी खात्री झाली की कुणीतरी चोरून काहीतरी घालतंय.

मी दादाला फोन लावला. "तू बाटली ओतलीस का?"

"शपथ घेऊ का? तूच सांग, तूच शेण टाकलं असशील."

वहिनी मागून ओरडल्या, "माझी बादली गच्चीत आहे म्हणावं, येऊन बघा!" मग आम्ही तिघं आठवडाभर एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोललो. एवढ्याशा भेंडीपायी हे सगळं, आणि भेंडी मला आवडतसुद्धा नाही.

मग एक दिवस भरदुपारी आमच्या रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. मालकांनी फ्रिजमधली औषधं दुसरीकडे हलवली आणि दुकान बंद केलं. मला अचानक अर्धा दिवस मिळाला. घरी जाऊन झोपावं असं फार वाटलं, पण मनात आलं, आजच वाफा बघून आले तर रविवार वाचेल. बसमध्ये चढले. कंडक्टरने माझे रिकामे हात बघून भुवया उडवल्या.

मी बाजूच्या फाटकातून थेट मागे गेले. आई घेवड्याच्या ओळीपाशी छोट्या स्टुलावर बसली होती. मांडीवर मिठाची बरणी. वाळका पाला हाताने अलगद बाजूला सारून ती एकेका झाडाच्या मुळाशी चमच्याने मीठ घालत होती, पुन्हा पाला सारखा करत होती, आणि स्टूल सरकवून पुढच्या झाडाकडे जात होती. पंगतीत वाढावं तसं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई! काय चाललंय?"

ती दचकली, पण तिने बरणी लपवली नाही. "ओरडू नकोस. शेजारी झोपलेत."

मी पाइप ओढला, नळ सोडला आणि घेवड्याच्या मुळाशी पाण्याचा लोट लावला. आईने स्टुलावरच पाय वर घेतले.  पोती आठवत होती, बस आठवत होती, सोफ्यावर वाट बघून निघून गेलेली मुलगी आठवत होती.

"मारायची नव्हती गं," आई म्हणाली. "नुसती आजारी पाडायची होती. जास्त झालं असं वाटलं तर मी लगेच पाणी घालते. वांग्याला चमचाभर, घेवड्याला कमी, तो नाजूक आहे."

"पण का?"

तिने चमचा पदराला पुसला. "पहिल्या वर्षी वांगी काय छान आली होती. तुम्ही फोनवर विचारायचात, वांगी कशी आहेत? मी म्हणायची, मस्त. तुम्ही म्हणायचात, वा, आणि फोन ठेवायचात. मग एकदा पानांवर माव्याचा रोग पडला. तो खरा होता, देवाशपथ. तर त्या रविवारी दोघंही हजर. दादा जेवून इथे झोपलासुद्धा. घोरत होता."

"मग नुसतं ये म्हणायचंस!"

"म्हटलं होतं. तू म्हणालीस, बघते जमलं तर."

हे वाक्य मी सगळ्यांनाच म्हणते. मी उगाच म्हटलं, "मग निदान तूच आजारी आहेस असं सांगायचंस. झाडांचा काय गुन्हा?"

"मी आजारी पडले तर दादा मला उचलून चौथ्या मजल्यावर नेईल," आई म्हणाली. "झाडांना कोण नेतंय?"

मी नळ बंद केला आणि ओल्या मातीतच बसले. आणि मग मला रडूच फुटलं, दुकानातल्या साडीसकट, चिखलात. "मी दमलेय आई. तुला कल्पना आहे का मी किती दमलेय? पोती वाहून माझी कंबर गेलीये. मला घरी कुणाशी बोलायला होत नाही. एक दिवस मिळतो, आणि तो तू मिठात घातलास!"

आईने मला रडू दिलं. मग तिच्याही आवाजात राग आला. तो मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होते. "पोती मी कधी मागितली? तू येतेस ती फाटकातून तडक वाफ्यात. खाली मान घालून उकरत बसतेस. चहा दिला तर मातीच्या हाताने उभ्याने पितेस आणि बस चुकेल म्हणून पळतेस. तुझं तोंड मला दिसतं कुठे? घोरणारा दादा तरी बरा."

 मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "चल, पाय धू. आत येऊन पड."

मी तिच्या पलंगावर पडले. तिने पंखा लावला, माझ्या अंगावर तिची चादर टाकली आणि खुर्ची ओढून उशाशी बसली. ती काहीतरी सांगत होती, समोरच्यांच्या सुनेचं की काय. मी हं हं म्हणता म्हणता कधी झोपले कळलं नाही. अशी झोप मला कितीतरी महिन्यांत लागली नव्हती. मध्येच जाग आली तेव्हा ती तिथेच बसलेली होती, माझ्याकडे बघत. मी परत डोळे मिटले.

उठले तेव्हा उन्हं उतरली होती आणि माझा फोन वाजत होता. दादा.

"काय म्हणतेय माती?" त्याचाही आवाज थकलेला होता. "भेंडी सावरतेय म्हणाली होतीस ना? मग या रविवारी मी आलो नाही तर चालेल का? जरा आराम करावा म्हणतो."

आई दारात चहाचे कप घेऊन उभी होती. ती फोनकडे बघत होती. तिचा चेहरा मात्र असा झाला होता की मला तो बघवेना.

"नाही रे दादा," मी म्हणाले. "आता घेवडा गेला. माझ्या एकटीच्याने नाही होणार. तुला यावंच लागेल."

तिकडून एक मोठा उसासा आला. "बरं. कुठलं खत आणू?"

"काही आणू नकोस. वहिनींना घेऊन ये, आणि सकाळीच या."

फोन ठेवला. आईने कप माझ्या हातात दिला आणि पलंगावर माझ्या शेजारी बसली. आम्ही बसून चहा प्यायलो. थोड्या वेळाने ती काळजीने म्हणाली, "पण तू तर सगळं धुऊन टाकलंस. रविवारी दादाला दाखवायचं काय?"

मी जरा विचार केला.

"घेवड्याला नको," मी म्हणाले. "वांग्याला घाल. अर्धाच चमचा."