एक वीत वर

“आत्या, किल्ली द्या,” सुपरवायझर आपल्याच बुटांकडे बघत म्हणाला.

क्रेन चालवणाऱ्या बाईला कारखान्यात लहानथोर सगळेच आत्या म्हणत. बावीस वर्षं ती छताखालच्या केबिनमध्ये बसून लोखंडी साचे उचलत आणि ठेवत आली होती. परवा साचा अधांतरी असताना तिच्या छातीत धडधडायला लागलं, मध्येच एखादा ठोका गळल्यासारखा झाला. तिने साचा अलगद खाली टेकवला आणि आपणहून जाऊन सांगितलं. खरं बोलल्याचं बक्षीस म्हणून आता गेटवर बसून पास फाडायचे.

“वय झालं की होतं असं.”

“वय माझं झालंय, हातांचं नाही. डॉक्टरांचा कागद आणला तर?”

“मग बघू.”

घरी नवरा म्हणाला, “किती वर्षं लोंबकळणार? ये आता खाली.” माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी तिला तो अजिबात आवडला नाही.

डॉक्टरीण तिच्या लेकीच्या वयाची. ईसीजी बघून झाल्यावर तिने विचारलं, “मावशी, रोजची गोळी कुठली?”

“गोळी कसली! पित्ताची तेवढी. ती काय औषधात धरायची?”

“किती दिवस घेताय?”

“सहा वर्षं झाली. एकदा वर चढलं की जेवायला कोण उतरतंय? पासष्ट पायऱ्या आहेत. उपाशीपोटी जळजळायचं, की घेतली गोळी.”

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. “ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तर काही जणांच्या अंगातलं मॅग्नेशियम कमी होतं. त्याने ठोके चुकू शकतात. तुमचं त्यामुळेच आहे असं आत्ताच म्हणत नाही. रक्त तपासू.”

मॅग्नेशियम चांगलंच कमी निघालं. डॉक्टरणीने पित्ताची गोळी बंद करून दुसरी दिली, मॅग्नेशियम सुरू केलं आणि वेळेवर जेवायची तंबी दिली. आत्या गेटवर पास फाडत राहिली आणि घड्याळ लावून जेवत राहिली. महिन्याभरात धडधड थांबली. मग दिवसभर अंगाला यंत्र लावून मोजले, तरी ठोके सरळच आले.

सुपरवायझरने कागद दोनदा वाचला. “आधी चाचणी.”

दुरुस्तीनंतर क्रेनची चाचणी घ्यायची रीत होती. साचा एक वीत उचलायचा, पाच मिनिटं तसाच धरायचा, घसरला नाही तरच पुढचं काम. आज मात्र क्रेनकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे आत्याकडे बघत होते.

पासष्ट पायऱ्या ती न थांबता चढली. साचा वीतभर वर आला आणि थांबला. आत्याने डावा हात छातीवर ठेवला. ठोक्यामागून ठोका, अगदी शिस्तीत. तिला इतका आनंद झाला की केबिनमध्ये ती एकटीच खदखदून हसली.

साचा टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला.

“आत्या, पुढचा घ्या!” सुपरवायझर ओरडला.

आत्याने घड्याळ बघितलं, क्रेन बंद केली आणि किल्ली कमरेला खोचली.

“जेवायची वेळ झालीय,” तिने वरून सांगितलं आणि पासष्टच्या पासष्ट पायऱ्या सावकाश उतरू लागली. ती डबा उघडून, जेवून, हात धुऊन परत वर जाईपर्यंत सगळा कारखाना थांबला.