बरणीखालचा शर्ट

दुसरीच्या पोरांना विज्ञान शिकवायचं तर आधी गोष्ट आणि मग पसारा, हे बाईंचं ठरलेलं होतं. पुस्तकातलं पान त्या सगळ्यात शेवटी उघडायच्या, आणि तेही मुख्याध्यापिका व्हरांड्यातून येताना दिसल्या तर. एरवी त्यांच्या वर्गात कुठे परातीत होड्या तरंगत असायच्या, कुठे टेबलाखाली अंधार करून टॉर्च लावलेली असायची, आणि शेजारच्या वर्गातून भिंतीवर पट्टी आपटल्याचा आवाज येत असायचा. त्या आवाजाचा अर्थ 'जरा हळू' असा होता, पण तो कोणी मनावर घ्यायचं नाही.

बाईंच्या गोष्टींचा नायक होता थेंबुल्या. पाण्याचा एक थेंब. अंगाने एवढासा, पण मुलखाचा उचापती. उन्हात तापून वर जायचा, ढगाच्या गर्दीत चेंगरायचा, गारठून धपकन खाली पडायचा, मग नळातून, गटारातून, झाडाच्या मुळांतून वाट फुटेल तिकडे भटकायचा. गोष्ट कुठेही गेली तरी शेवटी तो आपल्या तळ्यात, आईकडे परत यायचाच. आला नाही तर पोरं बाईंना खुर्चीवरून उठू द्यायची नाहीत.

त्या पोरांमध्ये एक भिंगरी होती. खरं नाव हजेरीत होतं, पण बाईसुद्धा ते विसरल्या होत्या. एका जागी बसणं तिला माहीत नव्हतं आणि एका प्रश्नावर थांबणंही. एकदा बाईंनी शाळेच्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं, पोरांना त्याच्या कडेने खडूची रेघ मारायला लावली, आणि ऊन चढेल तसं आक्रसत जाणारं थारोळं सगळ्यांनी उकिडवं बसून पाहिलं. पाणी गेलं कुठे, बाईंनी विचारलं. फरशी प्यायली, कोणीतरी म्हणालं. भिंगरीने मान हलवली. तिच्या मते पाणी सूर्याने प्यायलं होतं. मग जरा विचार करून तिने पुढचंही सांगून टाकलं, की एवढं पाणी प्यायल्यावर सूर्याला शू लागत असणार, आणि पाऊस म्हणतात तो तोच. त्या दिवशी पुढे काही शिकवणं झालं नाही. बाईंनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

भिंगरीचे बाबा प्लंबर होते. शाळेची टाकी गळत होती म्हणून ते एकदा आले, आणि बाई पोरांसमोर दोन बाटल्यांतून पाणी इकडून तिकडे करतायत हे खिडकीतून पाहत उभे राहिले. पुढच्या आठवड्यात ते आपण होऊन एक फळी घेऊन आले. फळीवर उरल्यासुरल्या पारदर्शक नळ्या वेटोळी घालून ठोकल्या होत्या, मध्ये तोट्या, वर नरसाळं. वरून रंगीत पाणी ओतलं की पोरांनी तोट्या फिरवायच्या आणि पाणी कुठून कुठे जातं ते बघायचं. बाई इतक्या हरखल्या की त्यांना आभार मानायचं सुचलं नाही. नळवाले हात पुसत म्हणाले, "घरी रोज थेंबुल्या ऐकावा लागतो मला, बाई. शेवटी घरी आणून सोडता ते बरं करता. नाहीतर ही झोपत नाही आणि मलाही झोपू देत नाही."

मग एका दुपारी ते कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर टाकी दुरुस्त करायला चढले आणि शिडी सरकली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

भिंगरी बरेच दिवस शाळेत आली नाही. आली तेव्हा वेणी नीट घातलेली होती, डबा होता, गणवेशाला इस्त्री होती, आणि ती बाकावर बसली ती शाळा सुटेपर्यंत हलली नाही. बाईंनी वर्गाला आधीच बजावलं होतं, तिला काही विचारायचं नाही म्हणून. पोरांनी ते इतकं मनावर घेतलं की तिच्याशी कोणी बोललंच नाही. बाई एक-दोनदा तिच्या बाकाशी थांबल्या, डोक्यावर हात ठेवला आणि पुढे गेल्या. मुख्याध्यापिकांचं म्हणणं होतं की नेहमीचं चालू ठेवा, नेहमीच्यानेच मूल सावरतं. बाईंनाही ते पटलं. पटवून घेणं सोपं होतं.

नेहमीचं म्हणजे पाण्याचा राहिलेला धडा. बाईंनी ताटलीत ओल्या फडक्याची घडी ठेवली, त्यावर काचेची मोठी बरणी उपडी घातली आणि सगळं उन्हाच्या खिडकीत मांडलं. मधल्या सुट्टीनंतर बरणीच्या आतून बारीक बारीक थेंब धरले होते. पोरं नाकं चिकटवून बघायला लागली. बाई रंगात आल्या. म्हणाल्या, बघा, फडक्यातलं पाणी आपल्याला दिसत नव्हतं, आपल्याला वाटलं संपलं, गेलं. पण नाहीसं काही होत नाही. ते असतंच कुठेतरी. आपण नीट वाट पाहिली की परत येतं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सगळंच?"

भिंगरी उभी राहिली होती. एवढ्या दिवसांत तिचं तोंड पहिल्यांदा उघडलं होतं. बाईंचा जीव असा काही भांड्यात पडला की ती काय विचारतेय याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. पोरगी बोलली, एवढंच त्यांनी ऐकलं.

"सगळंच," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बरणी जागेवर नव्हती. शिपायाने आवरून ठेवली असेल, असं म्हणून बाईंनी विषय सोडून दिला.

चार-पाच दिवसांनी भिंगरीची आई शाळेत आली. शिवणकाम करणारी, बोटांना सुयांचे टोचे, केस घाईत बांधलेले. ती भांडायला आलेली नाही हे बघताक्षणी कळत होतं. वर्ग रिकामा झाला होता. ती पहिल्या बाकावर, पोरांच्या जागी बसली आणि तुमची बरणी आमच्याकडे आहे म्हणाली. मग तिने जे सांगितलं ते बाई उभ्यानेच ऐकत राहिल्या.

नळवाल्यांचा एक शर्ट दारामागे खुंटीला राहिला होता. अपघाताच्या आदल्या दिवशी कामावर घालून गेलेला, धुवायचा राहिलेला. आईने तो धुतला नव्हता. पोरगी झोपली की ती तो शर्ट काढायची, तोंडाशी धरायची आणि पुन्हा खुंटीला लावायची. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. परवा ती कामावरून घरी आली तर भिंगरी खिडकीशी बसलेली. पुढ्यात ताट, ताटात शर्टाची घडी, वर बरणी. शर्ट कोरडा होता म्हणून भिंगरीने तो आधी बादलीत बुचकळून काढला होता. शाळेत फडकं ओलं होतं ना. आणि बरणीला आतून थेंब आले होते. भिंगरी आईला ओढत घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, बघ, बाबा यायला लागलेत.

"मी मारलं तिला," आई म्हणाली. "आजवर कधी बोट लावलं नव्हतं. त्याला वास होता हो बाई. त्यांचा. तेवढाच राहिला होता माझ्याकडे."

आई बोलतच राहिली. पोरगी आता बरणीला हात लावू देत नाही, ऊन फिरेल तशी ताट सरकवते, शर्टाला कुबट वास यायला लागलाय. मी सांगून पाहिलं, बाबा येत नसतात म्हणून. तर मला म्हणाली, तुला विज्ञान येत नाही.

"तुम्हीच सांगा तिला," आई म्हणाली. "माझं ऐकत नाही. तुमचं ऐकते."

त्या संध्याकाळी बाईंनी घरी नवऱ्याच्या कानावर हे घातलं. पोरं विसरतात गं, तो म्हणाला, महिनाभरात खेळायला लागेल. बाईंनी ताट पुढे सरकवलं. भिंगरीला हे कोणी खोटं सांगितलं असतं तर निस्तरणं सोपं होतं. इथे प्रत्येक वाक्य खरं होतं, फडकं खरं, थेंब खरे, आणि 'सगळंच' हा एकच शब्द त्यांनी आनंदाच्या भरात बोलून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या भिंगरीचा हात धरून तिच्याबरोबरच घरी गेल्या. दोन खोल्यांचं घर. एका कोपऱ्यात शिलाई मशीन, दुसऱ्यात पाने-पक्कडींची पिशवी अजून तशीच. भिंगरीने दप्तर टाकलं आणि सरळ खिडकीपाशी जाऊन ताट जरासं उन्हात सरकवलं. मग बाईंकडे वळून बघितलं, गृहपाठ तपासायला दिल्यासारखं.

"नीट केलंय ना?"

बाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. बरणीतून शर्टाची कॉलर दिसत होती.

"प्रयोग नीट केलायस," त्या म्हणाल्या. "पण बाळा, हे पाणी आहे. तू बादलीतलं घातलंस ना, तेच. हे बाबा नाहीत."

"अजून वेळ आहे म्हणून."

"नाही. कितीही वेळ गेला तरी पाणीच येईल. बाबा येणार नाहीत."

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला राग आला नव्हता. बाई वर्गात कधी कधी मुद्दाम चुकीचं बोलायच्या, पोरं पकडतात का बघायला. तसंच काहीतरी असेल म्हणून ती वाट बघत होती.

"तुम्ही सगळंच म्हणाला होतात," शेवटी ती म्हणाली.

"म्हणाले होते. ते चुकलं माझं. पाणी परत येतं. माणूस येत नाही."

"मग माणूस कुठे जातो?"

बाईंना कितीतरी उत्तरं माहीत होती. तारे, ढग, वरचं घर. सगळी मुलांना आवडतील अशी, आणि गोष्टीत बसणारी. एक तर अगदी ओठांवर आलं होतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

हे ऐकून मात्र भिंगरीचा चेहरा बदलला. बाईंना माहीत नाही असं काही असतं, हे तिला नवीन होतं. तिने दाराशी उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं, पुन्हा बाईंकडे पाहिलं, आणि बरणी दोन्ही हातांनी उचलली. कुबट वासाचा एक भपका आला. तिने शर्ट नाकाशी नेला. बराच वेळ हुंगला. मग आईला म्हणाली, "आई, मी धुऊन टाकला गं तो."

आई खाली बसली आणि तिने पोरीला शर्टासकट ओढून कुशीत घेतलं. भिंगरी रडायला लागली. लहान मूल रडतं तसं नाही, आत काहीतरी अडकलंय आणि निघत नाही असं, दम लागेपर्यंत. आईही रडत होती. बाई उठून हलकेच दार लोटून बाहेर पडल्या. कोपऱ्यापर्यंत त्या नीट चालल्या. पुढे कुठल्याशा बंद दुकानाच्या पायरीवर त्यांना बसावं लागलं.

भिंगरी शाळेत येत राहिली. पोरांशी बोलायला लागली, खेळायलाही लागली, डबा वाटून खायला लागली. आई म्हणाली, रात्री झोपतेही. फक्त प्रश्न विचारायची बंद झाली. बाई काही दाखवत असल्या की ती बघायची, सांगितलेलं मुकाट्याने करायची, उत्तर विचारलं तर बरोबर उत्तर द्यायची. थेंबुल्याची गोष्ट पोरांनी हट्टाने मागितली की ती खिडकीबाहेर बघायची. बाईंनी पुढे ती गोष्ट सांगणंच सोडलं. पोरांनी थोडे दिवस कटकट केली आणि मग ती बेडकाच्या गोष्टीवर खूश झाली.

वर्ष संपत आलं तेव्हा बिया पेरायचा धडा आला. प्रत्येकाने आपापल्या डब्यात माती भरून घेवड्याचं बी लावलं. सगळ्यांचे कोंब वर आले, एका गुबगुबीत मुलाचा आला नाही. त्याला ढब्बू म्हणायचे. तो रोज सकाळी दप्तरासकट डब्यापाशी जाऊन उभा राहायचा. दरवर्षी असं एखादं बी निघायचंच, आणि दरवर्षी बाई शाळा सुटल्यावर गुपचूप त्या डब्यात दुसरं उगवलेलं रोप लावून ठेवायच्या. यंदाही एक रोप त्यांच्या टेबलाखाली तयार होतं. ते त्यांनी तिथेच राहू दिलं. ढब्बूला जवळ बोलावून म्हणाल्या, उकरून बघू या का आत काय झालंय?

माती बाजूला केली. बी काळं पडलं होतं, बोटाने दाबलं तर चिखलासारखं मऊ लागलं. ढब्बू मुसमुसायला लागला. तो म्हणाला, अजून पाणी घालू, मग येईल. बाई काय बोलावं याची जुळवाजुळव करत होत्या, तेवढ्यात भिंगरी जागेवरून उठून आली. तिने डब्यात वाकून पाहिलं.

"नाही येणार," ती म्हणाली. "मेलंय ते. तू काही केलं नाहीस. पण येणार नाही."

तिचा आवाज शांत होता. त्यात कोरडेपणा नव्हता, उलट माया होती. तिने ढब्बूच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो रडायचा थांबेपर्यंत तशीच उभी राहिली. आपण सांगितलं असतं त्यापेक्षा तिने नीट सांगितलं, हे बाईंना कळत होतं. सात वर्षांच्या पोरीला ते इतकं नीट सांगता यावं, हेच त्यांना सोसवेना. त्या फळ्याकडे वळल्या आणि उगाचच कोरा फळा पुसत राहिल्या.

सुट्टी लागली आणि भिंगरीची आई तिला घेऊन भावाच्या गावी राहायला गेली. जायच्या आधी दोघी बरणी परत करायला आल्या होत्या. स्वच्छ घासलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आईने बाईंचे हात हातात घेतले. बाईंनी भिंगरीला जवळ घेऊन विचारलं, नव्या शाळेत गेलीस की काय करशील? आणि मनातून वाट पाहिली, की आता तरी ती काहीतरी वेडंवाकडं विचारेल, सूर्याचं, पावसाचं, कशाचंही.

"अभ्यास करीन," भिंगरी म्हणाली, आणि आईचं बोट धरून फाटकाकडे चालू लागली.