होकाराची तपासणी

माझा नवरा मैनुद्दीन यंत्रमागावर काम करतो. मागांच्या खडखडाटानं डावा कान गेला, उजवा जायच्या वाटेवर आहे. मालक म्हणतो, वयामुळे. बेचाळिशीत कसलं आलंय वय? मोठ्या डॉक्टरांनी मागवाल्यांचे कान तपासून खरं काय ते सांगितलं तर मालकाचं तोंड बंद होईल आणि निदान उजवा कान तरी वाचेल, एवढीच माझी आशा.

म्हणून गेल्या वर्षी एका संस्थेनं सभा बोलावली, कोणत्या आजारावर संशोधन करायचं ते कामगारांनीच ठरवायचं म्हणाले, तेव्हा मी त्याला आणि त्याच्या कारखान्यातल्या मायाप्पांना अक्षरशः ओढून नेलं. बायकांना मागं बसवलं होतं, बोलायची मुभा नव्हती. पंखे घरघरत होते. माइकवरच्या बाईंनी विचारलं, "मधुमेह घेऊ या ना?" झाडून सगळ्या मागवाल्यांनी मान डोलावली. कारखान्यात मालक काहीही बोलला तरी ते अशीच डोलावतात. ऐकू न येणारा माणूस दुसरं काय करणार? एकमत झालं म्हणून टाळ्या पडल्या. मैनुद्दीननंही वाजवल्या. त्याला वाटलं, कान ठरला. घरी आल्यावर खरं सांगायचा मला धीर झाला नाही.

यंदा ती निवड रीतसर झाली का, हे तपासायला पुण्याहून इंद्रजीत सर आले. मला पुन्हा आशा वाटली. त्यांनी सगळ्यांना बसवून विचारलं, "तुम्हाला बोलायची संधी मिळाली का? निर्णय मान्य होता?" पुन्हा माना डोलल्या.

मला राहवलं नाही. "सर, यांना ऐकूच येत न्हाई. तवाबी आलं नव्हतं. तुमी पाठ फिरवून विचारा की, एक मान हलायची न्हाई."

"ताई, त्यांचं त्यांना बोलू द्या," सर मऊ आवाजात म्हणाले. तो आवाज तर उजव्या कानालाही पुरला नसता.

काय चाललंय, असं मैनुद्दीननं खुणेनं विचारलं. मी त्याच्या कानाशी ओरडले, "कान घेतलाच न्हाई त्यांनी. मधुमेह घेतला."

तो म्हणाला, "पण आमी तर व्हय म्हणालो की."

महिन्याभरानं संस्थेतल्या मारियानं मला अहवाल वाचून दाखवला. निवडीची पद्धत उत्तम, कामगारांचा सहभाग पूर्ण. खोट एकच निघाली: एका कामगाराच्या बायकोनं इतरांवर दबाव आणला. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला रडूही आलं नाही, नुसता संताप आला.

पुढच्या आजाराच्या निवडीची सभा परवा आहे. दबाव नको म्हणून नातेवाइकांना आत घेणार नाहीत. मैनुद्दीन एकटाच जाणार आहे.