जिन्यात उगवलेले बटण

मित्रांनो, मी एक जुना चित्रपट आहे. काळा-पांढरा, तासाभराचा, आणि खरे सांगायचे तर अगदी स्वस्तातला! इंग्लंडात थेम्सकाठच्या एका बंद पडलेल्या लाँड्रीत थाटलेल्या स्टुडिओत माझा जन्म झाला. आमच्याकडे जिना एकच होता. गोष्टीतल्या नवऱ्याच्या घरातही तोच आणि प्रियकराच्या घरातही तोच. फक्त भिंतीचा कागद बदलायचा. रस्ता दाखवण्याची ऐपत नव्हती, म्हणून भरपूर धूर सोडायचा आणि म्हणायचे, लंडनचे धुके!

माझी गोष्ट अशी. एक बाई प्रियकराच्या मदतीने नवऱ्याचा काटा काढते आणि शेवटी प्रियकर फासावर जातो. प्रियकर झाला होता सिरिल हॅटन, तोही स्वतःचाच ओव्हरकोट घालून, कारण कपड्यांना पैसे कोण देणार? ती बाई झाली होती मोइरा केन. सिरिलची खरी बायको आयव्हीसुद्धा आमच्याकडेच नोकरीला होती. एक दृश्य पुढच्या दृश्याशी जुळते की नाही, हे पाहणे तिचे काम. सिगारेट अर्धी जळलेली असेल तर पुढेही अर्धीच हवी! तिच्याइतकी माया माझ्यावर दुसऱ्या कोणी केली नाही.

एके दिवशी सिरिलच्या कोटाचे मधले बटण तुटले. आयव्हीने बजावले, "हात लावू नकोस हं! जिना चढतानाचं दृश्य असंच घेतलंय. सगळं संपलं की मी शिवून देईन."

"मी कसला हात लावतोय, राणी? सुई कुठून धरतात तेही मला ठाऊक नाही," सिरिल हसला.

मग तिची आई आजारी पडली म्हणून ती यॉर्कशरला गेली. परतली ती थेट स्टुडिओत, हातात बॅग घेऊनच. मधल्या दिवसांचे चित्रीकरण पाहायला सगळे अंधाऱ्या खोलीत बसले. पडद्यावर सिरिल जिना चढला, बटण नाही. दार उघडून मोइरासमोर आला आणि बटण हजर!

"हे काय, बटण जिन्यात उगवलं?" दिग्दर्शक प्रॅटली ओरडले. "आयव्ही, तू माहेरी काय गेलीस, इथे सगळा सावळागोंधळ! कोणी शिवलं हे?"

"मीच," सिरिल घाईघाईने म्हणाला.

मोइरा हातमोज्यांशी चाळा करत राहिली. आयव्हीने एकदा तिच्याकडे पाहिले, मग पडद्याकडे. तिथे सिरिल दारात उभा होता. मोइराला पाहताना त्याचा चेहरा दिवा लागावा तसा उजळला होता.

"पण काम काय केलंय गधड्यानं!" प्रॅटली हळहळले. "जन्मात पहिल्यांदा खरा वाटतोय. आयव्ही, तूच सांग बाई, कापू की ठेवू? लोकांना बटण दिसेल का?"

माझा जीव टांगणीला लागला. माझ्यातला तोच एक तुकडा जिवंत होता. पण आयव्ही 'कापा' म्हणाली असती तर तिला काहीच न पाहिल्यासारखे सिरिलबरोबर घरी जाता आले असते.

"नाही दिसणार," ती म्हणाली. "सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघतील. मीही तेच बघितलं."

सिरिलने मान खाली घातली. आयव्हीने न उघडलेली बॅग उचलली आणि ती पुन्हा यॉर्कशरला निघून गेली, कायमची.

मोठ्या चित्रपटाआधी मला दाखवत, लोक खुर्च्या शोधत असताना. बटण कोणालाच दिसले नाही. उलट एका वर्तमानपत्राने दारातल्या त्या नजरेचे तोंडभरून कौतुक केले. मला मात्र आनंद झाला नाही.

एका दुपारी यॉर्कशरच्या थिएटरात आयव्ही आली. ते दृश्य संपताच ती उठली. दाराशी आइस्क्रीम विकणारी म्हणाली, "का हो बाई, आवडला नाही? थांबा की, शेवटी त्या मेल्याला फाशी होते!"

"ठाऊक आहे," आयव्ही म्हणाली. "सिनेमात होते."

पुढे घरोघरी टीव्ही आले. माझ्या बाकीच्या प्रती कचऱ्यात गेल्या. मी एकटाच उरलो, एका तळघरात, गंजलेल्या डब्यात. माझ्या अंगाला आता व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि कडा आक्रसल्या आहेत.

मित्रांनो, जुने चित्रपट फेकू नका. आम्हाला कोरड्या, थंड जागी ठेवा. आमच्यातले खून खोटे असतात, पण कोपऱ्यात कुणाचे तरी खरे आयुष्य अडकलेले असते. जिने मला सर्वांत जास्त जपले, तिच्याच दुःखाने मी उजळलो. हे ओझे घेऊन मला अंधारात कुजू देऊ नका.