पालथी डोण

मी मोशीतल्या मारुतरावांच्या दारातली एक जुनी दगडी डोण आहे. मित्रांनो, तुम्ही मला मोठी कुंडी समजाल. पण माझा जन्म जनावरांना पाणी पाजण्यासाठी झाला. पाथरवटानं मला एकाच काळ्या दगडातून कोरलं. खिल्लारी बैल पाणी पिऊन माझ्या काठाला गळा घासत. तो काठ अजून गुळगुळीत आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

मग प्लॉटिंग आलं. शेवटची गाय विकली गेली आणि मारुतरावांच्या बायकोनं, सोजराबाईंनी, घरच्या रीतीप्रमाणे मला पालथं घातलं. गेलेलं जनावर पाण्यासाठी माघारी फिरू नये, म्हणून. कित्येक वर्षं मी मातीत तोंड खुपसून पडले होते.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या नातवानं, रणजीतनं, गाडीसाठी रॅम्प करायला मला फोडायचं ठरवलं. त्याची बायको तेजस्विनी भाषांचा अभ्यास करते. तिनं हट्टानं मला सुलटं करवलं आणि काठोकाठ पाणी भरलं.

"उद्या जेसीबी येतोय. आज काय लाड करायचे ते करून घे," रणजीत म्हणाला.

दिवेलागणीला ती माझ्याशेजारी बसून अभ्यासासाठी फोनमध्ये रेकॉर्ड करत बोलू लागली. "गायीला संस्कृतात गो, फारसीत गाव, आर्मेनियनमध्ये कोव. सगळ्यांच्या मुळाशी एकच हरवलेला शब्द, बहुधा ग्वोउस. जुन्या चिनीतही जवळचा आवाज सापडतो." मग तोच शब्द ती हाक मारावी तसा पुन्हा पुन्हा म्हणू लागली.

वारा नव्हता, तरी पाणी हललं. काठाला कुणीतरी गळा घासला. तो माझ्या ओळखीचा नव्हता. मग दुसरा, मग तिसरा. मी घाबरले. पाणी भराभर उतरत होतं.

सोजराबाई दारातून ओरडल्या, "पोरी, गप! हाक मारू नगं! आपलीच न्हाई, समद्यांची येत्यात!"

"कोण, आजी?"

"तहानलेली."

माझा तळ दिसला, तरी रेटारेटी थांबेना. मी जागच्या जागी हलू लागले. रणजीत हसत बाहेर आला आणि मध्येच थबकला. त्याच्या शर्टाची पाठ कुणीतरी चाटल्यासारखी ओली झाली होती. त्यानं नळाला पाईप लावला.

जेसीबी आलाच नाही. गाडी रस्त्यावर उभी असते. आता मला पालथं घालून उपयोग नाही, असं सोजराबाई म्हणतात. कंपनीतून आल्यावर रणजीत चहाआधी मला भरतो, अगदी पावसाळ्यातसुद्धा. सकाळी मी रिकामी असते.

मित्रांनो, जुने शब्द जरूर शोधा. फक्त हाक मारण्याआधी पाणी भरून ठेवा.